या चुका टाळा : ‘सिन्सिअर’ विद्यार्थी आणि ‘अनस्क्रूप्युलस’ पतसंस्था

गेली सोळा वर्षं मी लोकांचं इंग्रजी तपासून देते. शिफारसपत्रं, परदेशी विद्यापीठांच्या अर्जाला जोडायची एसओपी (मला तिथे का शिकायचंय, हे सांगणारं निवेदन), संस्थांचे अहवाल, अधूनमधून एखादं मानपत्रसुद्धा. व्याकरणाच्या चुकांबद्दल माझी तक्रार नाही. लाल पेन फिरवलं की काम झालं. डोकं फिरतं ते ‘चांगला माणूस’ सांगणाऱ्या शब्दांपाशी. सचोटी आणि काळजी या दोन गोष्टींसाठी इंग्रजीत पंधरा-वीस शब्द आहेत आणि आपण ते सगळे समानार्थी म्हणून एका दमात पाठ केलेत. मिसळणाचा डबा उपडा झाल्यावर जिरं-मोहरी-मेथी जशी एक होते, तसं झालंय ते. वरून वर्डमध्ये शिफ्ट दाबून एफ-सेव्हन मारलं की हवे तेवढे शब्द मिळतात. त्यातला सर्वांत लांबलचक उचलायचा, ही आपली पद्धत.

त्या पद्धतीचा मला मिळालेला सगळ्यात मोठा प्रसाद सांगते.

एका पतसंस्थेचं रौप्यमहोत्सवी वर्ष होतं. संचालकांपैकी दोघातिघांची मुलं अमेरिकेत, म्हणून पुस्तिका इंग्रजीतही हवी होती. मराठी मजकुरात वाक्य होतं : ‘नीतिनियमांना धक्का न लावता आम्ही व्यवहार करतो.’ मी लिहिलं, ‘वी आर स्क्रूप्युलस इन ऑल अवर डीलिंग्ज.’ मुद्रितं संस्थेतल्याच एका ज्येष्ठ गृहस्थांनी वाचली. पुस्तिका छापून हातात आली तेव्हा वाक्य होतं, ‘वी आर अनस्क्रूप्युलस इन ऑल अवर डीलिंग्ज.’ म्हणजे, आमच्या व्यवहारात आम्ही कसलाच विधिनिषेध बाळगत नाही. खाली अध्यक्षांचा हसरा फोटो.

मी फोन केला. गृहस्थ शांतपणे म्हणाले, “अहो मॅडम, स्क्रूप्युलस म्हणजे भानगडवाला ना? तुमच्याकडून ‘अन’ राहिला होता, तो मी घातला.”

मग तीन दिवस बसून आठशे प्रतींवर कोऱ्या पट्ट्या चिकटवल्या. मीही बसले होते, कारण बिल निघायचं होतं.

त्यांना हसून उपयोग नाही. आपल्या कानावर हा शब्द पडतो तोच मुळी वर्तमानपत्रातल्या ‘अनस्क्रूप्युलस एलिमेंट्स’मधून. रेशनचं धान्य पळवणारे, बनावट बियाणं विकणारे, प्लॉट दोनदा विकणारे. त्यामुळे शब्दाचा नादच डागाळलाय. पण मुळाशी गेलं तर हा शब्द आपल्याला परका वाटू नये इतका जवळचा आहे. लॅटिनमध्ये ‘स्क्रूपुलस’ म्हणजे टोकदार बारीक खडा. चपलेत गेला की पाऊल टाकवत नाही, तसा मनात गेला की गैर काम करवत नाही. मराठीत आपण ‘मनाला टोचणी लागली’ म्हणतो ना, तीच ही टोचणी. औषधं तोलायच्या जुन्या इंग्रजी मापांतही स्क्रूपल होता : २० ग्रेन, म्हणजे साधारण १.३ ग्रॅम. एवढ्याशा वजनानेही ज्याचं मन अडतं तो स्क्रूप्युलस. ज्याच्या मनात खडाच नाही तो अनस्क्रूप्युलस.

माझी एक घरगुती परीक्षा आहे. शब्दापुढे ‘चोर’ लावून बघायचा. मेटिक्युलस चोर असू शकतो : सगळ्या कुलपांचा, वॉचमनच्या चहाच्या वेळांचा अभ्यास करून येणारा. फॅस्टिडियस चोरही असू शकतो. नकली दागिन्यांकडे बघून नाक मुरडेल. पंक्टिलियस चोर चपला बाहेर काढून आत येईल. स्क्रूप्युलस चोर मात्र जमत नाही, चोरीच होणार नाही त्याच्याकडून. (‘स्क्रूप्युलसली क्लीन किचन’ असंही म्हणतात, तिथे नीतीचा संबंध नाही, नुसती कमालीची स्वच्छता. अपवाद आहे, मान्य. पण ही परीक्षा मी सोडणार नाही.)

या तिघांत गल्लत करू नका. मेटिक्युलस म्हणजे काटेकोर, तपशिलाला धरून. याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘भीती’ हा अर्थ आहे. चूक राहील या धास्तीने चारदा तपासणारा माणूस डोळ्यापुढे आणा. आज ही स्तुती आहे. फॅस्टिडियसच्या मुळाशी किळस आहे, म्हणून त्यात चोखंदळपणाबरोबर थोडा नखराही येतो. प्रयोगशाळा सहायकाच्या शिफारशीत ‘ही इज फॅस्टिडियस’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, याच्या हाताखाली कोण टिकणार! पंक्टिलियस म्हणजे रीतिरिवाज आणि मानपानात तसूभर न चुकणारा. आमच्या एका मावशींना लग्नातल्या आहेरांचा क्रम तोंडपाठ आहे, तो पंक्टिलियसपणा. वक्तशीर म्हणजे पंक्च्युअल, तो शब्द वेगळा.

आता माझं दुसरं दुखणं : सिन्सिअर.

‘सिन्सिअर मुलगा’ हा खास आपला शोध. आपल्याकडे प्रगतिपुस्तकापासून स्थळाच्या माहितीपर्यंत सिन्सिअर म्हणजे रोज अभ्यास करणारा, उनाडक्या न करणारा. देशात हे सगळ्यांना कळतं, त्यामुळे बोलताना खुशाल वापरा. पण शिफारसपत्र लीड्सला किंवा टोरांटोला जाणार असेल तर थांबा. तिथे सिन्सिअर म्हणजे मनात एक नि ओठावर एक नसणं. माफी सिन्सिअर असते, आभार असतात, सांत्वन असतं. ‘सिन्सिअर स्टुडंट’ वाचून तिकडच्या माणसाला एवढंच कळतं की हा मुलगा ढोंगी नाही. आनंद आहे, पण शिष्यवृत्ती त्याला कशासाठी द्यायची? तुम्हाला म्हणायचं असतं डिलिजंट, हार्डवर्किंग किंवा कॉन्शिएन्शस.

आणि कृपा करून ती मेणाची गोष्ट भाषणात सांगू नका. रोमन शिल्पकार म्हणे मूर्तीतल्या भेगा मेणाने बुजवायचे, म्हणून ‘मेणाविना’ ते सिन्सिअर. दर शिक्षकदिनी कुणीतरी ही पुडी पाठवतंच. लॅटिन ‘सिन्सेरस’चा अर्थ निर्भेळ, शुद्ध असा आहे, मेणाच्या कथेला शब्दशास्त्रात थारा नाही.

कॉन्शिएन्शसवरून आठवलं. ‘शी इज अ व्हेरी कॉन्शस वर्कर’ हे वाक्य मी वर्षाला दहादा तरी खोडते. कॉन्शस म्हणजे शुद्धीवर असलेली. बाई कामावर शुद्धीत असतात, ही शिफारस झाली का? कॉन्शिएन्शस म्हणजे कुणी बघत नसतानाही काम नीट करणारी, कारण बघणारा आतच बसलेला असतो. १९१६ साली ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती आली, तेव्हा ‘माझी सद्सद्विवेकबुद्धी याला तयार नाही’ म्हणून नकार देणाऱ्यांना ‘कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर’ म्हणत. ‘शिएन’ हे अक्षर गिळायचं नाही, बाकी नियम नाही.

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी : इंटेग्रिटी म्हणजे ऑनेस्टी नव्हे. यूपीएससीने २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका ठेवली, तिच्या नावातच इंटेग्रिटी आहे, तरी मुलं दोन्हीला ‘प्रामाणिकपणा’ लिहून मोकळी होतात. ब्रिटनमधल्या नोलन समितीने १९९५ साली सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वं सांगितली, त्यात हे दोन शब्द वेगवेगळे आहेत. १९९५च्या मूळ शब्दांत ऑनेस्टीखाली होतं : कामाशी संबंध येणारे आपले खासगी हितसंबंध उघड करा. इंटेग्रिटीखाली : कुणाचे मिंधे होऊ नका. ‘हो, मी टेबलाखालून घेतो’ असं बिनदिक्कत सांगणारा कारकून त्या क्षणी ऑनेस्ट आहेच की! इंटेग्रिटी मात्र नाही. गणितातला इंटिजर, म्हणजे पूर्णांक, याच कुळातला : तडा न गेलेला, अख्खा. प्रोबिटी म्हणजेही सचोटीच, पण पदावरच्या माणसाच्या कारभाराला लावायचा भारदस्त शब्द. आजीच्या श्रद्धांजलीत नको.

उरलेल्या किरकोळ :

केअरफ्री म्हणजे निश्चिंत. निष्काळजी म्हणजे केअरलेस. काळजीपूर्वक हवं असेल तर केअरफुल. ड्रायव्हरच्या प्रमाणपत्रात मी तिन्ही पाहिलेत.

प्रिन्सिपलचं स्पेलिंग दोन तऱ्हेचं. तत्त्वाच्या शेवटी एलई, मुख्याध्यापकांच्या शेवटी एएल. ‘मॅन ऑफ प्रिन्सिपल’ लिहिताना मुख्याध्यापकांचा माणूस करू नका.

सेल्फ-रायटियस, म्हणजे आपणच काय ते सदाचारी असा तोरा मिरवणारा, ही शिवी आहे.

माझी सवय विचाराल तर दोनशे पानी वही. समानार्थी शब्द त्यात लिहीतच नाही. शब्द लिहिते, त्याचा विरुद्धार्थी लिहिते आणि ओळखीच्या एका माणसाचं नाव. काळजी घेतली नाही तर त्या माणसाचं काय बिघडेल? मनाला टोचेल, तपशील चुकेल, किळस येईल की मान जाईल? उत्तर आलं की शब्द आला. याला वेळ लागतो. ज्यांना ‘मॅम, आज रात्री डेडलाइन आहे, फक्त एक नजर’ म्हणायचंय, त्यांनी साधं केअरफुल आणि ऑनेस्ट लिहावं. त्या शब्दांनी कुणाचं वाईट झालेलं नाही.

पत्राच्या शेवटी काय, हेही रोज विचारतात. ब्रिटिश पद्धतीत ‘डिअर सर’ने सुरुवात केली तर ‘युअर्स फेथफुली’, आडनाव घेऊन केली तर ‘युअर्स सिन्सिअरली’. ‘युअर्स ऑनेस्टली’ असं काही नसतं. मला मात्र ते एकदा आलंय, बिलाच्या थकबाकीबद्दलच्या पत्राखाली.