खाऱ्या टाकीवरची साय

दुधावर साय धरावी तसा तवंग माझ्या दीडशे लिटरच्या, समुद्री मासे पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर दोन महिने येत होता. बोट टेकवलं की फाटायचा, हळूच पुन्हा जुळायचा. खरी काळजी क्लाउनफिशच्या जोडीची वाटत होती. सकाळी दिवे लागायच्या आधी दोघं वर येऊन भराभर कल्ले हलवायचे. रात्री शेवाळं ऑक्सिजन देत नाहीत, तो हवेतूनच यावा लागतो, आणि नेमका तिथेच हा पडदा.

आधी किचन पेपर पाण्यावर अलगद पसरून उचलला. पाणी आरशासारखं व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मूळ सापडलं. गोठवलेला मायसिस, म्हणजे माशांना खायला द्यायचे कोळंबीसारखे बारीक जीव, मी वाटीत वितळवून त्या पाण्यासकट ओतत होतो! आता चाळणीत आरओच्या पाण्याने धुऊनच देतो. शिवाय मागे टांगलेला स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसात पकडून काढणारं यंत्र, पाणी खालून ओढत होता, वरची चरबी आणि प्रथिनं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. त्याला पृष्ठभागावरून पाणी घेणारा जोड बसवला आणि वेव्हमेकरचं (पाण्यात लाटा करणाऱ्या पंपाचं) तोंड किंचित वर केलं. लहरी हव्यात, बुडबुडे नकोत. ते फुटून मीठ दिव्यावर बसतं.

तिसऱ्या दिवशी स्किमरच्या कपात काळपट, उग्र वासाचं पाणी जमलं. इतकं समाधान फार दिवसांत वाटलं नव्हतं.

पाण्याची पातळी उतरली की जोड हवा ओढतो. म्हणून काचेवर टेपची खूण केली आहे आणि रोज तिथपर्यंत आरओचं गोडं पाणीच घालतो, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं.