आगोटीच्या यादीतलं हेअर ट्रान्सप्लांट

मे लागला की आमच्या घरात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, यादी निघते. मालवणी मसाला, सुके बांगडे, सोलं, जळाऊ लाकडं, घर शाकारणं. दोन वर्षांपूर्वी त्या यादीत धाकट्या भावाचं हेअर ट्रान्सप्लांट आलं. तो मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना स्कुबा डायव्हिंगला नेतो. आठ महिने डोक्यावर ऊन, अंगावर खारं पाणी. जूनमध्ये बोटी वर ओढल्या की तेवढीच त्याला उसंत. सोबतीला मी गेले आणि नंतरची शुश्रूषाही मीच केली. ज्यांच्या घरात असा बेत चालला आहे त्यांना उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून काढते आहे.

सगळ्यात आधी केस का जातायत ते त्वचारोगतज्ज्ञाकडून नक्की करून घ्या. डेंग्यू, टायफॉइड अशा तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात, पण ते बहुधा आपोआप परत येतात. थायरॉइड बिघडलं असेल किंवा रक्तात लोह कमी असेल तर इलाज वेगळा. चाई पडली असेल तर तिचाही वेगळा. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूवरून हळूहळू मागे सरकणारं, घराण्यात चालत आलेलं टक्कल, हे या शस्त्रक्रियेचं मुख्य क्षेत्र. त्यातही विशी-बाविशीतल्या मुलाने घाई करू नये. टक्कल पुढे कुठवर जाणार ते त्या वयात कळत नाही. आमच्या डॉक्टरांनी भावाला आधी वर्षभर औषधांवर ठेवलं, मगच तारीख दिली. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो तिथे.

केस घेतात ते डोक्याच्या मागच्या पट्ट्यातून. तिथले केस टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत, आणि पुढे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी 1959 मध्ये हे मांडलं आणि त्यावरच हे सगळं उभं आहे. पण तो पट्टा म्हणजे घरातली कणगी. काढलेला ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट उचललेला केसांचा बारीक पुंजका, तिथे परत उगवत नाही, म्हणून ‘हवे तितके ग्राफ्ट’ असं आमिष दाखवणाऱ्याकडे पाठ फिरवा. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, तेव्हा दर विचारताना आकडा ग्राफ्टचा की केसांचा ते स्पष्ट करून घ्या. एफयूईमध्ये एकेक ग्राफ्ट टोचून काढतात आणि बारीक ठिपके राहतात. एफयूटीमध्ये कातडीची पट्टी कापतात, टाके पडतात, मागे एक रेघ उरते. भाऊ केस बारीक कापतो, म्हणून त्याने एफयूई घेतलं. कपाळावरची रेषा फार खाली आखू देऊ नका. तिशीत ती छान दिसेल, पण पन्नाशीत तिच्या मागचं रान ओसाड पडलं की पुढे नुसती झालर उरते.

हत्यार कोणाच्या हातात असणार, हे तोंडावर विचारा. भीड बाळगू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये या शस्त्रक्रियेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण पुरेसं नाही, असं त्यात साफ म्हटलं आहे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते. भूल देताना आणि छेद घेताना डॉक्टर स्वतः असतील का, अचानक रक्तदाब पडला किंवा भुलीची रिअ‍ॅक्शन आली तर तिथे काय सोय आहे, हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून उठून या. आम्ही एका ठिकाणाहून असेच उठून आलो. पैशांचा हिशेब करताना लक्षात ठेवा, की सौंदर्यासाठी केलेल्या ट्रान्सप्लांटला विमा मिळत नाही आणि आरोग्यसेवेची जीएसटी सवलतही लागू होत नाही.

तारीख ठरवताना केसांचं वर्ष आणि आपलं वर्ष शेजारी शेजारी मांडा. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळून जातात. नवे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून डोकावतात, आणि खरं रूप बाराव्या महिन्याला दिसतं. टाळूवर त्याहून उशिरा. मेमध्ये लग्न असेल तर शस्त्रक्रिया निदान आदल्या मेमध्ये व्हायला हवी. आंबेवाल्यांनी मार्च ते मे सोडून द्यावा, कारण बागेत फांदी डोक्याला लागतेच आणि उन्हापासून सुटका नाही. पालखी खेळवणाऱ्यांनी शिमग्याच्या आधीचा महिना टाळावा, गुलाल आणि घाम दोन्ही नकोत. मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणून बोटीवरच्या माणसाला जूनचा पहिला आठवडा सोयीचा. पावसाची दमट हवा आणि जाणारी वीज त्याबरोबर येते, तिची तयारी मात्र करावी लागते.

निघण्याआधी रक्ताच्या तपासण्या, साखर, ईसीजी उरकून घ्या. मधुमेह, रक्तदाब, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल ते लपवू नका. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच. मिनॉक्सिडिल, म्हणजे केसवाढीचं औषध, चालू असेल तर ते कधी थांबवायचं तेही विचारा. तंबाखू, मशेरी, सिगारेट आधीच सोडा, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळांना रक्त कमी पडतं. दारूही नको. पुढून बटणं असलेले चार शर्ट भरा, डोक्यातून काढायचं काहीही नको.

आम्ही कोल्हापूरला गेलो. त्या दिवशी इंजेक्शनं टोचताना पाचेक मिनिटं तो कळवळला, बाकी सात तास बसणं आणि झोपणं. मध्ये जेवणही झालं. दोन रात्री तिथेच राहिलो, पहिली धुलाई क्लिनिकमधल्या माणसांनी केली आणि मला शिकवली. घरचं अंतर मोठं असेल तर हे जरूर करा. पावसात घाटाची खात्री नसते, रस्ता चालू आहे का ते निघताना विचारा. गाडी लागत असेल तर ओकारीवरची गोळी डॉक्टरांकडून आधीच मागून घ्या, ओकताना डोक्यावर ताण येतो. सलाइनचा स्प्रे, शाम्पू, औषधं पंधरा दिवसांची बरोबर आणा.

आता घर. कोकणातल्या जुन्या घराची दारं ठेंगणी, आणि भाऊ पावणेसहा फुटांच्या वर. पहिले आठ-दहा दिवस डोक्याला धक्का लागला तर ग्राफ्ट उखडू शकतो. मी माजघराच्या आणि न्हाणीच्या चौकटीला लाल चिंध्या बांधल्या, पडवीतली कपड्यांची दोरी सोडली, मच्छरदाणी उंच टांगली. झोपायला आजोबांची आरामखुर्ची काढली. पहिल्या चार-पाच रात्री डोकं उंचावर ठेवायचं असतं, नाहीतर सूज जास्त उतरते. सूज तरीही आलीच. तिसऱ्या दिवशी कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरली आणि आई घाबरली. अशी सूज येते आणि जाते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. बर्फ कपाळाला चालतो, ग्राफ्टवर नको. पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं, म्हणून डोकं धुवायला उकळून गार केलेलं पाणी वापरलं. तांब्याने हळू सोडायचं, धार लावायची नाही. वीज गेली की घाम येतो, इन्व्हर्टर नसेल तर विंझणा हाताशी ठेवा.

तेलावरून आईशी माझं भांडण झालं. ‘तेल लावल्याशिवाय केस येतले काय?’ असं म्हणत ती माका आणि जास्वंदाचं तेल घेऊन रोज उभी. डॉक्टर सांगेपर्यंत काहीही लावायचं नाही, खोबरेलसुद्धा नाही. खपल्या नखाने काढायच्या नाहीत, दोन आठवड्यांत त्या धुताना आपोआप सुटतात. खाज आणि बधिरपणा मात्र कित्येक आठवडे राहतो. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, ताप आला, पू दिसला, कातडी काळी पडू लागली किंवा दाबून धरूनही रक्त थांबेना, तर वाट पाहू नका. क्लिनिकचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. दम लागला किंवा अंगावर पित्त उठून ओठ सुजले तर सरळ 108.

हेल्मेट डॉक्टर सांगेपर्यंत नाही, म्हणजे तोवर मोटारसायकलही नाही. जड उचलणं दोन आठवडे बंद. समुद्र निदान महिनाभर बंद, आणि डायव्हिंगच्या मास्कचा पट्टा नेमका मागच्या जखमांवरून जातो म्हणून भावाने त्याहून जास्त थांबून, विचारूनच तो चढवला. उन्हात सैल टोपी, निदान तीन महिने.

सगळ्यात जड गेले ते जुलै-ऑगस्ट. नारळी पौर्णिमेला त्याचं डोकं आधीपेक्षा विरळ दिसत होतं. गणपतीला चाकरमानी आले आणि जो तो विचारी, ‘डोक्याक काय झाला रे तुझ्या?’ तो आरतीलाही मागे उभा राहायचा. आमच्या बाबांनी आयुष्यभर हापूसची कलमं बांधली. ते त्याला एवढंच म्हणाले, की बांधलेलं कलम रोज हलवून बघायचं नसतं. केस गळतो, मूळ आत असतं. या दिवसांसाठी माणूस तयार करा, औषधांइतकंच ते गरजेचं आहे. दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढा आणि आरसा कमी बघा. दिवाळीत त्याच्या कपाळावर बारीक लव आली. मी पणती लावताना ती पाहिली आणि मला रडूच आलं.

औषधं पुढेही चालू राहतात, कारण लावलेले केस टिकले तरी शेजारचे मूळचे केस गळत राहतात. त्यातल्या फिनास्टराइड या केसगळती रोखणाऱ्या गोळीने काही पुरुषांना लैंगिक त्रास होतो किंवा उदासी येते. तसं वाटलं तर लाजून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेली गोळी तिने हाताळू नये. आणि गावात रक्तदान शिबिर लागलं तर ही गोळी चालू असताना रक्त देऊ नका, थांबवल्यावरही महिनाभर नाही. भावाने हे शिबिराच्या टेबलावर स्वतःहून सांगितलं आणि त्या वर्षी त्याच्याऐवजी मी रक्त दिलं.