हात सुटला की जा: दांडग्या बचावाविरुद्ध चढाईची आखणी

खाडीपलीकडच्या कबड्डी संघाच्या बचावात डाव्या टोकाला उभा राहणारा गडी, त्यांचा डावा कोपरा, म्हणजे एसटीचा बंपर. त्याच्यावर जाऊन आदळलं की पत्रा आपलाच वाकतो. मी तीस वर्षं आगारात मेकॅनिक होतो, त्यातली पहिली बारा वर्षं गावच्या संघातून चढायाही केल्या. आता निवृत्त झाल्यावर संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवतो. भात कापून शेतं मोकळी झाली की रेवदंड्यापासून रोह्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात दिवे लावून सामने चालू असतात, आणि दर मोसमाला एक तरी संघ असा भेटतो की त्यांच्या अंगणात गेलेला गडी परतच येत नाही.

तशा संघापुढे जाताना तयारी काय करायची, ते लिहितो. लाथ कशी मारायची, डुबकी कशी घ्यायची हे इथे नाही. ते लिहून येत नाही, मैदानावरच शिकावं लागतं.

आधी त्यांचा एक सामना बघायला जा, आणि चढाईपटूकडे बघू नका. हे बोलायला सोपं आहे, डोळा आपोआप त्याच्याच मागे जातो. वही घेऊन बसा. प्रत्येक पकडीला तीनच गोष्टी लिहायच्या: पहिला हात कुणाचा पडला, कशावर पडला (घोटा, मांडी, कंबर), आणि त्या वेळी चढाईपटूचा पुढचा पाय कुठे होता. चौथी लिहायला जाल तर पुढची पकड निसटेल. मागच्या मोसमात मी या संघाच्या अकरा पकडी टिपल्या. त्यातल्या सात त्या डाव्या कोपऱ्याने सुरू केल्या, यात नवल नव्हतं, पानवाल्यालाही ते माहीत होतं. वहीतून कळलं ते वेगळंच. सातातल्या पाच वेळा चढाईपटूचा पाय बोनस रेषेवर (समोरच्यांच्या अंगणातली खोल रेषा, तिच्यापलीकडे पाय टाकला की एक गुण) होता, आणि त्याआधी तोच पाय त्याच जागी दोन-तीनदा सुखरूप जाऊन आला होता.

म्हणजे कोपरा झोपला नव्हता, बोनस देत होता. दोन गुण देऊन सवय लावत होता आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाय काढून घेत होता.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. २०१४ च्या फेब्रुवारीत तिथे त्यांच्या फुटबॉलची अंतिम लढत झाली, सुपर बोल म्हणतात ती. आपला फुटबॉल नव्हे, लांबट चेंडू छातीशी धरून पळायचा तो. डेन्व्हरच्या संघाने त्या मोसमात ६०६ गुण केले होते, तोवरचा विक्रम. समोर सिअ‍ॅटलचा बचाव. निकाल काय, तर सिअ‍ॅटल ४३, डेन्व्हर ८! भाचा गणपतीला आला तेव्हा लॅपटॉपवर मला तो सामना दाखवत बसला. मला नियम निम्मे कळले नाहीत, पण एक दिसलं. डेन्व्हरच्या डेमॅरियस थॉमस नावाच्या एका गड्याने १३ झेल घेतले आणि संघाचे गुण मात्र आठ. सिअ‍ॅटलवाले जवळचे झेल खुशाल घेऊ देत होते, आणि चेंडू हातात पडला रे पडला की गड्याला आडवा करत होते. मी भाच्याला म्हटलं, "अरे, हा तर आपला डावा कोपरा!"

त्याने मला त्यावरचा उपायही दाखवला. समोरचे दांडगे धावून येत असतील तर अडवायचं सोंग करून त्यांना आत येऊ द्यायचं, आणि त्यांच्या डोक्यावरून चेंडू त्यांनीच मोकळ्या सोडलेल्या जागेत टाकायचा. स्क्रीन म्हणतात त्याला. माझी सगळी आखणी याच गोष्टीवर उभी आहे, फक्त आमच्याकडे चेंडू नाही. दांडगा गडी आपल्या जागेवर असतो तोवर त्याचं काही वाकडं होत नाही. तो जागा सोडतो तेवढा क्षण आपला.

आता मापं बघा, कारण पोरं मापं विसरतात. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा (रिकाम्या हाताने परतायचं तर निदान एवढी ओलांडावीच लागते ती) ३.७५ मीटर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि बोनस रेषेपासून अंतिम रेषा पावणेदोन मीटर. बोनसला पाय टाकलेला गडी मध्यरेषेपासून ४.७५ मीटर लांब असतो. हात लांब करून तो पालथा पडला तरी सव्वादोन मीटर गाठेल. उरलेले अडीच मीटर तीन माणसं अंगावर घेऊन सरपटायचं, कशाच्या जोरावर? तोच गडी निदानरेषेजवळ धरला गेला तर दीडच मीटर कमी पडतं, आणि तेवढं झटक्यात निघू शकतं. म्हणून बोनस घ्यायचा, पण ठरवून. त्यांचे सहा किंवा सात गडी मैदानात असतानाच तो मिळतो, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीला आणि त्यांच्यावर लोण चढल्यावर, सगळे बाद होऊन पुन्हा आत आले की. एका चढाईपटूने एका बाजूने सलग दोनदा बोनस घ्यायचा नाही, हा आमचा नियम. आणि बोनस मिळाल्यावर पकडलं गेलं तर गुण एक-एक होतात खरे, पण आपला गडी बाहेर बसतो. दांडग्या बचावापुढे तो सौदा तोट्याचा.

मी स्वतः काय केलं होतं तेही सांगतो. एका अंतिम सामन्यात समोरच्या कोपऱ्याने मला पहिल्याच चढाईला घोट्यात धरून उताणा पाडला. मागे बायामाणसं बसलेली, माझी सासुरवाडी त्याच गावात. डोकं फिरलं. त्यानंतर मी पुन्हा पुन्हा त्याच्याच अंगावर गेलो, एकूण पाच वेळा धरला गेलो. आम्ही चार गुणांनी हरलो. सासरे त्या रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत, नुसती सुरमईची तुकडी माझ्या ताटात वाढली. ती मला अजून आठवते.

याचा अर्थ कोपऱ्याला टाळा असा काढू नका. ही दुसरी चूक, आणि शहाणी पोरं हीच करतात. त्यांचा डावा कोपरा आपल्या उजव्या हाताला असतो. सगळ्या चढाया डाव्या हाताला केल्या की चार चढायांत त्यांना कळतं. मग दोन्ही कव्हर, म्हणजे बचावातले आतल्या बाजूचे गडी, तिकडे सरकतात आणि त्यांचा कच्चा उजवा कोपराही पक्का होऊन बसतो. कोपऱ्याकडे जायचंच, पण गुण त्याच्याकडून मागायचा नाही.

मागायचा त्याच्या शेजाऱ्याकडून. कोपरा आणि त्याच्या बाजूचा इन हातात हात धरून उभे असतात. घोटा धरायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे झेप घ्यायच्या आधी कोपऱ्याला शेजाऱ्याचा हात सोडावाच लागतो. डोळ्यांनी तो फसवेल, खांद्याने फसवेल, पण हात सोडल्याशिवाय घोटा धरणार कसा? म्हणून पोरांना सांगतो, कोपऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, त्या दोघांच्या गुंतलेल्या बोटांकडे बघा. उजवा पाय बोनसकडे दाखवायचा, वजन मागच्या पायावर. बोटं सुटली की पाय ओढून घ्यायचा. कोपरा मोकळ्या मातीवर पडतो, आणि त्याचा शेजारी, ज्याचा हात नुकताच सुटलाय, तो क्षणभर तोल सावरत उभा असतो. त्याला हात लावायचा आणि तिरकं न जाता सरळ मागे यायचं. पडलेल्या कोपऱ्याची बोटं पायाला घासली असतील तर तोही बाद, गुण दोन. पाठ फिरवू नका एवढंच. पाठ दिसली की दुसऱ्या बाजूचा कव्हर येऊन कमरेत बसतो.

चढायांचा क्रम बऱ्याच संघांत कुणी ठरवतच नाही, ज्याला हुरूप येतो तो जातो. दांडग्या बचावापुढे हे महागात पडतं. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. आणि चांगला बचाव त्या तिसरीची वाट बघत बसलेला असतो, कारण आता तुम्ही खोल येणारच हे त्यांना ठाऊक असतं. आपला हुकमी चढाईपटू पहिल्या नाहीतर दुसऱ्या चढाईला पाठवा, जेव्हा निदानरेषा ओलांडून हात हलवत परत यायची त्याला मुभा असते. तेव्हा समोरचे उतावळे होतात. तिसरी चढाई दुसऱ्या नंबरच्या गड्याची. तो बाद झाला तर झाला, त्याला रडू देऊ नका, आपलं काम तेच आहे असं त्याला आधी सांगून ठेवा. आमच्याकडे हे काम आईस फॅक्टरीत कामाला असलेला एक पोरगा करतो. त्याला कसलीच लाज वाटत नाही. असा एक तरी संघात हवा.

त्यांचे तीन गडी उरले की प्रेक्षक "लोण, लोण" ओरडायला लागतात. तिकडे कान देऊ नका. तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीला एक गुण जास्त मिळतो, आणि दांडगे बचाव अशा सुपर टॅकलवरच सामने फिरवतात. तीनांत तो कोपरा असेल तर घाई नको. बोनस नाही, म्हणजे पाय खोल टाकायचं कारणच नाही. चढाईचे तीस सेकंद हातात आहेत, हाताच्या स्पर्शावर येईल तेवढं घ्या. तो तीनांत नसेल तर मात्र लगेच जा. त्यांनी आपला गडी बाद केला की त्यांचे बाहेरचे गडी बाद झाले त्याच क्रमाने आत येतात, म्हणून कोपरा बाहेर गेला की त्याच्या आधी किती जण बाहेर आहेत हे मोजायला बाकावरचा एक गडी नेमा.

सरावाला आम्ही ओहोटीला किनाऱ्यावर जातो. फक्की लागत नाही, टाचेने रेघा ओढल्या की झालं. माझी पाच पावलं म्हणजे ३.७५ मीटर बरोबर येतात. ओल्या वाळूचा खरा उपयोग निराळा आहे. पोराने पाय दाखवून मागे घेतला की तिथेच थांबवतो आणि उमटलेला ठसा बघायला लावतो. पुढच्या पायाचा चवडा खोल रुतलेला दिसला तर वजन पुढे होतं, म्हणजे तो पाय ओढायला उशीर होणार, म्हणजे कोपऱ्याने धरला. ठसा पुसट हवा, मागच्या टाचेचा खोल. हजारदा सांगून जे कळत नाही ते वाळू एका मिनिटात दाखवते. पण आठवड्यातले दोनच दिवस वाळूत. वाळूत पाय जड उचलतो आणि मातीवर आल्यावर वेळ चुकते. मॅटवर सामना असेल तर वेळ आणखी बदलते, बूट घालून दोन दिवस तरी खेळून बघा.

रात्रीच्या सामन्यात दव विसरू नका. अकरानंतर अंगावर घाम आणि दव दोन्ही असतं, पकडणाऱ्याचा हात निसटतो, म्हणून बचावाची पोरं सारखी तळहातावर माती चोळत असतात. ती माती चोळायला वाकली की साखळी आधीच सुटलेली असते. पंचांची शिट्टी होताच आत शिरा.

मध्यंतराला मागे असलात तर सगळं बदलू नका. २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकाचा अंतिम सामना मी पोरांना दाखवतो. इराणकडे डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली, मध्यंतराला भारत मागे, आणि शेवटी ३८–२९ ने भारत जिंकला, त्यात अजय ठाकूरच्या चढाया होत्या. लगेच दुसराही निकाल सांगतो, नाहीतर पोरं हवेत जातात. १९९० पासून आशियाई स्पर्धेतली पुरुषांची सातही सुवर्णपदकं आपली होती, आणि २०१८ ला जकार्तात त्याच इराणने उपांत्य फेरीत आपल्याला २७–१८ ने बसवलं. मध्यंतराला मी एकच गोष्ट बदलतो, चढायांचा क्रम. बाकी जे ठरलंय ते तसंच.

या मोसमात खाडीपलीकडच्या संघाशी उपांत्य सामना पडला. पहिल्या दहा मिनिटांत आमच्या हुकमी पोराला कोपऱ्याने दोनदा धरला. टाइम-आउटला तो माझ्याकडे आला, गुडघ्याला माती, ओठ फुटलेला, आणि म्हणाला, "काका, त्याचा हात सुटला ना, तो मला दिसला. पण मी बघतच राहिलो."

दोष माझा होता. मी त्याला बघायला शिकवलं होतं, बघून निघायला नाही. तो सामना तीन गुणांनी गेला. तेव्हापासून सरावात कोपऱ्याच्या आणि इनच्या हातांमध्ये एक पांढरी पट्टी देतो, दोघांनी मिळून बोटांत धरायची. कोपऱ्याने हात सोडला की पट्टी पडते. ती वाळूला टेकायच्या आत इनला हात लागला पाहिजे. पहिल्या दिवशी वीस खेपांत चारदा लागला, आता अकरा-बारा वेळा लागतो. पट्ट्या दोन घेऊन जा, एक भरतीबरोबर जातेच.