रेड कार्पेटसाठी कपडे शिवताय? बुटीकवाल्यांनो, या चुका टाळा

मुंबईत कुठला प्रीमियर किंवा अवॉर्ड फंक्शन असलं की हल्ली स्टायलिस्ट मंडळी इन्स्टावर काम बघून थेट गावोगावच्या बुटीकना मेसेज टाकतात. कोल्हापूर तर १९२९ साली जिथं प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली ते गाव, कलाकारांचे कपडे शिवायला इथले हात नवखे नाहीत. पण आपल्या बहुतेक बुटीकचा हात बसलाय तो लग्नाच्या कामावर, आणि रेड कार्पेटचं काम पण त्याच पद्धतीनं करायला गेलं की सगळा घोळ तिथंच होतो बघा. लग्नात कपडा माणसं बघतात, जवळून, निवांत. रेड कार्पेटवर तो कॅमेरा बघतो, फ्लॅशमध्ये, काही मिनिटं, आणि तेवढेच फोटो पुढं वर्षानुवर्षं फिरत राहतात.

ट्यूबलाइटखाली कपडा पास करू नका

सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. दुकानात काळा क्रेप आणि काळं नेट एकदम मॅच वाटतं आणि फ्लॅश पडला की एक निळसर दिसतंय, दुसरं तपकिरी. आत अस्तर दिलंय म्हणून निर्धास्त राहिलात तर ते अस्तर मांडीवर कुठं संपतंय ती रेघ फोटोत सरळ दिसते. टिकल्यांचं भरगच्च काम समोरून फ्लॅश आला की नुसतं पांढरं फटक होतं, त्यातली नक्षी जाते. बारीक रेघांचं कापड तर व्हिडिओत लहरी मारतंय.

उपाय फुकटचा आहे. रात्री शटर ओढा, लाइट बंद करा, साधारण त्याच अंगाच्या मुलीला ड्रेस घालून उभी करा आणि मोबाइलचा फ्लॅश लावून समोरून, बाजूनं, मागून फोटो काढा, मग तिला बसवून काढा, जिना चढताना काढा. पुतळ्यावर हे कळत नाही कारण पुतळा श्वास घेत नाही, चालत नाही, कपडा कुठं ताणतोय ते त्याच्यावर दिसतच नाही. आणि कार्पेटचा रंग, मागच्या बॅनरचा रंग स्टायलिस्टला आधीच विचारून ठेवा. लाल कार्पेटवर लाल साडी नेसवली की निऱ्यांचा सगळा घोळ कार्पेटमध्ये मिसळून जातो, कारागिरांनी एवढं मन लावून केलेलं काम कुणाला दिसतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

व्हॉट्सॲपवर आलेल्या मापांवर कात्री चालवू नका

ती मापं कधी घेतलेली, कुणी घेतलेली, कपड्यावरून घेतलेली की अंगावरून, काहीच माहीत नसतं. त्यापेक्षा त्यांच्या अंगाला नीट बसणारा एक ब्लाउज किंवा जॅकेट कुरिअरनं मागवा, मास्तर त्यावरून बरोबर काढतात. भारी कापड असेल तर आधी मांजरपाटाचं शिवून ट्रायलला पाठवा, ते त्यांना घालून व्हिडिओ करायला सांगा. बाजूच्या शिलाईत मार्जिन भरपूर ठेवा, आणि आरी किंवा जरदोसीचं भरतकाम त्या शिलाईपर्यंत नेऊ नका, अलीकडंच थांबवा. काम शिलाईत गेलं की ऐनवेळी अर्धा इंच सैल करायचं म्हटलं तरी करता येत नाही.

ट्रायलमध्ये हात वर करायला लावा. तिथं गेल्यावर माणूस हात हलवणार, नमस्कार करणार, कुणीतरी सेल्फीला ओढणार, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, खोल कापलेला असेल तर हात वर गेला की अख्खं जॅकेट सोबत वर जातं, पुरुषांच्या बंदगळ्यात तर हे हमखास. मुंढा काखेजवळ वर घ्या, बाहीला थोडी ढील द्या.

खालची पट्टी मारायची घाई तर अजिबात नको. जी चप्पल किंवा हील घालणार आहेत ती हातात आल्याशिवाय खालची उंची पक्की करायची नाही. हे अंदाजानं केलं की एकतर घोळ जमिनीवर लोळतो नाहीतर घोटा उघडा पडतो.

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडनं कोल्हापूरचं नाव न घेता कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या, एवढा गदारोळ झाला, त्यानंतर साडीखाली कोल्हापुरी घालायची मागणी आली तर नवल नाही. द्याच, आपल्या चपलेला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, नाव घेऊन द्या. फक्त कोरी चप्पल त्या दिवशी पहिल्यांदा पायात जाऊ देऊ नका, पहिले काही दिवस चावते, म्हणून आधीच पाठवून घरात वापरायला सांगा. तळ गुळगुळीत चामड्याचा असेल तर पॉलिश फरशीवर पाय सरकतो, चांभाराकडून खाली पातळ रबर मारून घ्या. आणि पावसात नको, चामडं भिजलं की फुगतंय.

पैठणी असेल तर तिची घडी मोडून आदल्या दिवशीच टांगा. जरीवर थेट गरम इस्त्री फिरवायची नाही, वर मलमलचं कापड टाकूनच. पदराला पिन लावताना पिनेत आधी एक टिकली किंवा मणी ओवून मागच्या गोलापर्यंत सरकवा, म्हणजे पिन गोल होते तिथं धागे अडकून कापड ओढलं जात नाही. अंगाला चिकटवायची डबल टेप लोशन लावलेल्या त्वचेवर टिकत नाही, मेकअपवाल्या ताईंना तेवढी जागा कोरडी ठेवायला आधीच सांगून ठेवा.

लांब घोळाचं तर आधी विचाराच. फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलनं २०२५ मध्ये नियमच केला की ये-जा अडेल असा मोठा घोळ, लांब शेपटी चालणार नाही, उघडंवाघडं पण चालणार नाही. आपल्याकडं नियम नसला तरी अरुंद कार्पेटवर मागून येणारा पाय द्यायचा तो देतोच, म्हणून मागं हातात उचलायला एक लूप शिवा.

कोल्हापूर-मुंबई पावणेचारशे किलोमीटर. ट्रॅव्हल्सच्या डिकीत ड्रेस टाकून फोन करत बसू नका. माणूस पाठवा, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाऊ दे, सोबत सुई, त्याच रंगाचा दोरा, हुक, जादा चेन, छोटी कात्री आणि स्टीमर. चेन ऐनवेळी गेली तर शिवून अंगावरच बंद करता आली पाहिजे, म्हणून जाणारा माणूस शिवणारा हवा, नुसता पोचवणारा नको. हॉटेलवरून गाडीत बसताना सीटवर धुतलेली सुती चादर अंथरा, लिपस्टिक, तेल, धूळ सगळं त्याच सीटवर असतंय.

राहिला व्यवहार. ओळखीच्या भरवशावर तोंडी ठरवू नका. कपडा विकत आहे की वापरून परत, डिपॉझिट किती, ड्राय क्लीनिंग कुणाकडं, फाटलं तर काय, फोटोत नाव टॅग होणार की नाही, हे सगळं मेसेजमध्ये लिहून त्यांच्याकडून 'ओके' घ्या. स्टायलिस्ट एका कार्यक्रमासाठी तीन-चार ठिकाणाहून कपडे मागवतात आणि शेवटी एकच घातला जातो, तेव्हा न घातलेला कपडा किती दिवसांत परत यायचा ते पण त्यातच लिहा. परत आलेला ड्रेस लगेच उघडून कॉलर, काख, खालची कड बघा आणि डाग असेल तर त्याच दिवशी फोटो काढून पाठवा, आठवड्यानं सांगितलं की तो डाग तुमच्याच दुकानातला ठरतो.