बेस गिटारच्या ब्रिजचे गंजलेले स्क्रू अखेर सुटले!

आमच्या दांडिया बाजारच्या घरात बेस दोन पावसाळे माळ्यावर पडून होता, उतरवला तर ब्रिजच्या सॅडलचे (तारा टेकतात ते छोटे तुकडे) बारीक स्क्रू गंजून जाम, ॲक्शन म्हणजे तारांची उंची खालीवर होईचना. खोबरेल तेल लावलं, स्प्रे मारून लगेच फिरवून बघितलं, पॉलिश पेपरने तर वरचं क्रोमच गेलं. दोन ॲलन की (षटकोनी चाव्या) वाकवल्या, जाम वैताग आला.

मग असं केलं. तारा काढल्या, ब्रिज उघडून बाजूला घेतला (खालची अर्थिंगची वायर परत तिथेच दाबून बसली पाहिजे, नाहीतर गुणगुण येते). प्रत्येक स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकेक थेंब, रात्रभर तसंच. सकाळी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर मिनिटभर टेकवलं, आणि गरम असतानाच नवीन १.५ एमएमची की घालून आधी किंचित आवळला, मग सोडवला, कट्ट आवाज आला की समजायचं सुटला. तुमच्या स्क्रूचं माप इंची असेल तर इंचीच की घ्या, सैल की स्क्रूचं षटकोनी भोक खाते.

सुटे स्क्रू व्हिनेगरमध्ये तीन तास, जुन्या टूथब्रशने घासून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवले, हेअर ड्रायरने वाळवून शिलाई मशीनचं तेल. क्रोमवाला भाग मात्र व्हिनेगरात नको.