गाडी सेल्फ घेईना, तेव्हा

आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून मी परभणीत एका वायरिंगवाल्याकडं लागलो. गाडी चालू होईना म्हणजे बॅटरी, नाहीतर सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर). तिसरं काय असणार, असंच वाटायचं.

पहिल्याच मे महिन्यात एक डिझेल जीप आली. चावी फिरवली की घर्र... घर्र... आणि थांबायची. मी बॅटरीला मीटर लावला, 12.6 व्होल्ट. बॅटरी फुल, म्हणजे दोष सेल्फचाच. तापलेल्या जमिनीवर आडवं पडून दोन तासांत तो उतरवला. आतले कार्बन (करंट पोचवणारे ब्रश) चांगले, बुश (शाफ्टचे आधार) चांगले. परत बसवला, तरी तेच.

"कामून खोललास रे?" उस्ताद म्हणाले.

"मीटर लावला होता की."

"गाडी उभी असताना लावलास. सेल्फ मारताना लाव."

उभ्या गाडीत बॅटरीवर ओझंच नसतं. सेल्फ फिरवताना मात्र शंभरावर अँपिअर करंट ओढला जातो, आणि वायरीतली खोट तेव्हाच उघडी पडते. उस्तादांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली आणि मला चावी मारायला सांगितलं. तिथं अर्ध्या व्होल्टाच्या आत दिसायला पाहिजे. आम्हाला तीनच्या वर दिसले. गिअरबॉक्सला आलेल्या अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडून येणाऱ्या पट्टीखाली गंज आणि काळी माती बसली होती. बोल्ट काढला, पॉलिश पेपर मारला, गाडी चालू.

तेव्हापासून आधी कान लावतो. भराभर टकटकटक झालं तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. एकच जोराचा टक् आणि पुढं शांत, तर सेल्फला करंट जोडणाऱ्या सोलेनॉइडचे काँटॅक्ट किंवा कार्बन. आवाजच नाही आणि हेडलाइट मात्र लख्ख, तर रिले (करंटनं चालणारा स्विच), फ्यूज, चावीचा स्विच बघा. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, गिऱ्हाईक तेवढ्यासाठीही येतं. इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर सेल्फ ठीक आहे, त्याला हातसुद्धा लावू नका.

आपल्याकडं पारा 42 च्या वर गेला की बॅटरीचं पाणी आटतं. त्यात बोअरचं पाणी ओतणारे अजून भेटतात. त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात. पाणी डिस्टिल्डच लागतं. उन्हात खचलेली बॅटरी कशीबशी दिवाळी काढते आणि थंडीच्या पहाटे दगा देते.

जुने कारागीर बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढतात. मला ते पटत नाही. व्होल्टेज एकदम उसळून आजच्या गाडीचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. चालू इंजिनवर बॅटरीला मीटर लावला आणि 13.8 ते 14.5 दिसलं, तर चार्जिंग होतंय. काम धरायच्या आधी मायनस काढायचा, जोडताना तो शेवटी. पान्याचा संच नंतर घ्या, पहिल्या पगारात मीटर.

जीपवाल्याकडून उस्तादांनी फक्त अर्थ साफ केल्याचे पैसे घेतले. सेल्फचे दोन तास माझ्या खात्यावर गेले.