शाळूआधी ताग: पड रानात हिरवळीचं खत कसं करावं

सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्व भाग, इकडं शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, रान खरिपात पड ठेवायची जुनी रीत आहे. मधे कुळवाच्या दोन-चार पाळ्या, बाकी चार महिने माती उघडी. उघड्या मातीवर थेंब आदळला की ढेकूळ फुटतं, बारीक माती वर साकळून पापडी धरते. मग पुढचा पाऊस मुरत नाही. वरची चांगली माती घेऊन तो ओढ्याला जातो. हे रान झाकायचं आणि ते झाकण शेवटी मातीलाच खाऊ घालायचं, तर तागासारखं (पोत्याचा ज्यूट नव्हे, सन) पीक नाही. मात्र ताग पेरणं सोपं आहे. खरी गोष्ट आहे ती वेळेवर गाडण्याची.

आधी रान बघा. निचरा होणाऱ्या मध्यम-भारी रानात ताग घ्या. पाणी साचत असेल किंवा जमीन चोपण, म्हणजे क्षारानं बिघडलेली चिकट, असेल, तर धैंचा, तोही असाच गाडायचा. सांगली-कोल्हापूरकडं नदीकाठच्या ऊसपट्ट्यात अशी रानं बरीच आहेत, तिथं धैंचाच टिकतो. तागाचे पाय पाण्यात राहिले की तो पिवळा पडून बसतो.

पेरणी जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, चांगला पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की. तागाचं बी एकरी २० ते २५ किलो लागतं. धैंचा असेल तर २० किलोच्या आसपास, तेही रात्रभर पाण्यात भिजवून, कारण त्याचं टरफल टणक असतं. बियात काटकसर करू नका. विरळ ताग जाड होतो, फांद्या फोडतो आणि गाडताना दमवतो. दाट ताग सरळ, बारीक देठाचा वाढतो आणि खाली तणाला जागा ठेवत नाही. तिफणीनं पेरा किंवा फोकून हलकी पाळी द्या, पण बी दोन-तीन सेंटीमीटरच्या खाली जाऊ देऊ नका.

पेरायच्या आधी बियाला चवळी गटाचं रायझोबियम हे जीवाणूखत चोळा. १० ते १२ किलो बियाला २५० ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून, आणि बी सावलीतच सुकवा. रानात एकरी एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट टाका, मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठी धरायला स्फुरद लागतं. युरिया मात्र टाकू नका. आयतं नत्र मिळालं की पीक गाठी करायचं सोडून देतं.

महिन्याभरानं एक रोप कुदळीनं मातीसकट उचला. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. बादलीत हलवून मूळ धुवा. मुळांवर गाठी चिकटलेल्या दिसतील, त्यातली एक नखानं फोडा. आत गुलाबी-लाल निघाली तर ती हवेतलं नत्र बांधतेय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर कामाची नाही. पहिल्यांदा तो लाल ठिपका नखावर बघितला तेव्हा मला ह्या पिकाचं मोल कळलं.

आता गाडणी. साधारण ४० ते ५० दिवसांनी, फुलकळी दिसायला लागली की ताग जमिनीत गेलाच पाहिजे. पहिल्या वर्षी मी थांबलो. पिवळ्या फुलांनी रान भरलेलं, अजून थोडा वाढू दे, तेवढंच खत जास्त, असं वाटलं. देठात वाख, म्हणजे दोराचा चिवट धागा, धरला. रोटाव्हेटरच्या पात्यांना दोरखंडासारखा गुंडाळला आणि दर दोन तासांनी कोयत्यानं कापून काढावा लागला. त्याहून वाईट म्हणजे शाळू महिनाभर पिवळा राहिला. निबर काडी कुजवायला मातीतले जीवाणू नत्र वापरतात, ते पिकाच्या वाट्याला उशिरा येतं. कोवळा ताग लवकर कुजतो आणि नत्र लवकर मोकळं करतो.

आमच्याकडं आणखी एक कारण आहे. सोलापूर भागात भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. ताग ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गाडला, तर तो पाऊस ताग कुजवायलाही मिळतो आणि शाळूसाठी रानात मुरतोही. उभा ठेवलात तर शाळूची ओल तागच पितो. म्हणून पावसानं ताण दिला तर ३०-३५ दिवसांचा, गुडघाभर असला तरी गाडून टाका. खत कमी मिळेल, ओल वाचेल.

गाडण्याआधी किती माल आहे ते मोजून घ्या. मीटर लांब, मीटर रुंद चौकोनातला ताग कापून तोला. दोन किलो भरला तर एकरी आठ टन हिरवा पाला झाला. चांगल्या पिकातून एकरी २५ ते ३० किलो नत्र जमिनीत जातं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ते २० किलोच्या आसपास असतं. हे सगळं पहिल्याच पिकाला मिळत नाही, पुढंही मिळत राहतं. जुनी माणसं ज्याला तागाचा बेवड म्हणतात तो हाच.

जड फळी फिरवून ताग आडवा करा आणि त्याच दिशेनं १५ ते २० सेंटीमीटर खोल नांगरा. नांगर उलट दिशेनं घातला तर काड्या फाळात अडकतात. त्यानंतर तीन-चार आठवडे रानाला ओल हवी. पाऊस नसेल आणि विहिरीला पाणी असेल तर एक हलकं पाणी द्या. माती उकरून काडी बोटात दाबा. सहज तुटली आणि आंबूस वास गेला असेल, तरच शाळूची तिफण धरा.

बांधाकडचे दोन गुंठे मात्र गाडू नका, ते पुढच्या बियाला राखा. तिथं केसाळ अळी येते, लक्ष ठेवा, आणि बी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका, ते विषारी असतं. शेंगा वाळून हलवल्यावर खुळखुळ वाजायला लागल्या की कापून घ्या.